निर्लेखनाआधी गावाला विचारा

जिल्हा परिषदेच्या कागदावर जुन्या शाळेचा शेवट 'निर्लेखन' या एका शब्दात होतो. इमारत धोकादायक ठरते, मूल्यांकन होते, मंजुरी येते आणि कौले, वासे, दारे-खिडक्या लिलावात निघतात. चाकणसारख्या कारखानदारीच्या पट्ट्यात त्या जागी कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, पैशातून नवे वर्ग उभे राहू शकतात. गळक्या छपराखाली, भेगाळलेल्या भिंतीला टेकून मुलांना बसवू नये, याबद्दल दुमत नाही. पण पाडताना काय जपायचे आणि नवे कोणाच्या विचाराने बांधायचे, हे आधी ठरायला हवे.

आधी मारुतीच्या देवळात किंवा चावडीत भरणारी शाळा, मग लोकल बोर्डाची, १९६२ नंतर जिल्हा परिषदेची, असा अनेक गावांतल्या शाळांचा प्रवास आहे. चिखली, मोशी, चऱ्होली ही गावे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली आणि पुढे तिथल्या शाळांची पाटीही बदलली.

पाटी बदलली तरी कपाटातले प्रवेश-निर्गम रजिस्टर तेच राहते. नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण. पणजोबांचा एवढाच लेखी पुरावा कित्येक घरांकडे असतो. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हीच रजिस्टरे पुन्हा उघडली गेली. काही नोंदी मोडी लिपीत होत्या, त्यासाठी मोडी वाचणारे शोधावे लागले. वाळवी लागलेल्या एका पानावर घराचा जातीचा दाखला अडतो, हे तेव्हा गावोगाव कळले.

नव्या बांधणीचा धडा शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीने दिला. तिथे गावकऱ्यांनी शाळेसाठी स्वतःच्या जमिनी दिल्या आणि काचेच्या भिंतींचे, सौरऊर्जेवर चालणारे वर्ग उभे राहिले. तिथले शिक्षक दत्तात्रय वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत आले, तेव्हा पटावर मोजकी मुले उरली होती. त्याच शाळेने २०२५ मध्ये 'जगातील सर्वोत्तम शाळा' स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळवला. दोन्ही ठिकाणी भिंतींच्या आधी माणसे जमली होती.

कायदाही हेच सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा या समितीने करायचा असतो. त्यामुळे कंपनीचा नकाशा आधी या समितीपुढे, मग ग्रामसभेत यावा. मराठवाड्यातून, बिहारमधून कामाला आलेल्या ज्या आईबापांची मुले याच शाळेत शिकतात, त्यांनाही त्या बैठकीचा निरोप जावा.

आणि जेसीबी अंगणात शिरण्याआधी ते रजिस्टर पान-पान स्कॅन व्हावे. बांधकामाचे साल कोरलेला दगड किंवा घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा असेल, तर तो लिलावाच्या यादीतून वगळून नव्या व्हरांड्यात लावावा.