गार्ड नाही म्हणून उपचार नाही?

तुरुंगाबाहेरचा माणूस आजारी पडला तर दवाखाना गाठतो, गुण आला नाही तर डॉक्टर बदलतो, उसनवारी करून औषध आणतो. बराकीतल्या माणसाची ही मुभा सरकारने काढून घेतली आहे, म्हणून त्याच्या दुखण्याची जबाबदारी सरकारवर येते. त्यात उपकाराचा प्रश्नच नाही. इंग्रजी अमलातल्या १८९४ च्या तुरुंग अधिनियमानेही प्रत्येक तुरुंगात रुग्णांसाठी जागा बंधनकारक केली होती आणि आजारी दिसणाऱ्या कैद्याची खबर पहारेकऱ्याने विनाविलंब वर द्यावी असे बजावले होते. घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातला जीविताचा हक्क तुरुंगाच्या दारात संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. तरी तळोजा कारागृहात काय घडले? एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेल्या फादर स्टॅन स्वामींना पार्किन्सन होता, थरथरत्या हातात पेला धरवत नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज केला, तर राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) उत्तरासाठी वीस दिवस मागून घेतले. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, न्यायालयीन कोठडीत असतानाच ते रुग्णालयात वारले. खटला सुरूही झाला नव्हता.

गुन्हेगारांचे लाड कशाला, असे विचारले जाते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. ज्यांच्यावर झाला, त्यांनाही न्यायाधीशाने कैद सुनावली आहे, निकामी मूत्रपिंड सुनावलेले नाही. कैदी सोंग करतात म्हणावे, तर सोंग की आजार हे डॉक्टरने तपासून ठरवायचे. फाटकावरच्या शिपायाने नव्हे. राहिला गार्डचा, म्हणजे कैद्याला रुग्णालयात नेणाऱ्या पोलिसांचा प्रश्न. रुग्णालयाची तारीख मिळते, पोलीस बंदोबस्ताला जातात आणि तपासणी हुकते. मनुष्यबळ कमी आहे, हे मान्य. पण ज्याला दवाखान्यात नेता येत नाही त्याला डांबून ठेवण्याचा अधिकार तरी सरकारने कुठून आणला? माणसे नेमावीत, नाहीतर आजारी कच्च्या कैद्यांना जामीन मिळू द्यावा.

नातेवाइकांनो, तोंडी विनवण्या करत बसू नका. अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या, तारखेसह पोच घ्या, एक प्रत खटल्याच्या न्यायालयात दाखल करा. कोठडीतल्या प्रत्येकाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. तो मागा.