धूर, दिवे आणि सिगुर रोस

हल्ली कुठल्याही कॉन्सर्टची जाहिरात बघा, 'अनुभव' हा शब्द असतोच. आता हा अनुभव मोजायचा कसा? तर स्क्रीन किती मोठा, साउंड किती वॉटचा आणि धूर सोडणारी मशिन्स किती! माझं तर स्पष्ट मत आहे, की भारून टाकणाऱ्या वातावरणाचा या सामानाशी फार थोडा संबंध असतो. गंमत म्हणजे याचा पुरावा मला मिळाला तो असल्या सामानाच्या बादशहांकडेच.

सिगुर रोस हा आइसलँडचा बँड, १९९४ पासूनचा. त्यांचा गायक योन्सी इलेक्ट्रिक गिटार चक्क सेलोच्या गजाने वाजवतो. त्यातून जो आवाज निघतो त्याला गिटार म्हणायला जीभ धजावत नाही. गळा असा उंच, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बाई गातेय की पुरुष तेही कळू नये. गाणी बरीचशी आइसलँडिकमधली, आणि काही तर कुठल्याच भाषेतली नाहीत! नुसती अक्षरं, अर्थ शून्य. या प्रकाराला त्यांनी 'वोन्लेन्स्का' असं नाव दिलंय. २००२च्या त्यांच्या अल्बमचं नाव म्हणजे कंसांची फक्त एक रिकामी जोडी. (आम्हा प्रोग्रामर लोकांना हे फार आवडतं, का ते विचारू नका.) आत गाण्यांना नावं नाहीत आणि सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी.

आता तराणा ऐकत वाढलेल्या माणसाला यात बिचकण्यासारखं काही नाही. पण म्हणून लगेच 'संगीताला भाषा नसते' वगैरे म्हणू नका हं. भाषा असते. योन्सीची निरर्थक अक्षरंसुद्धा आइसलँडिक वळणाचीच आहेत. तिथल्या माणसाच्या तोंडात बसतील अशी.

तर, २००६च्या उन्हाळ्यात जगभर दौरा करून ही मंडळी घरी परतली आणि आपल्याच देशात फिरून त्यांनी फुकट कार्यक्रम केले. छोट्या गावांचे हॉल, उघडी मैदानं, एका ठिकाणी तर हेरिंग माशांचा बंद पडलेला कारखाना. त्यावर डीन डब्लॉइसने 'हेइमा' ही फिल्म केली, २००७ साली. हेइमा म्हणजे घरी. समोर बघावं तर आजीबाई, कडेवरची पोरं, सगळं गाव. शेवटी रेक्याविकमधली प्रचंड मैफल आहे. दिवे, पडदा, ड्रम्सचा कडकडाट... अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोला.

पण डोळ्यांत पाणी आलं ते तिथे नाही. ते आलं स्नायफेल डोंगराजवळच्या कार्यक्रमात. तिथे कारान्यूकर धरणाविरुद्ध निदर्शकांचा तळ पडला होता. ६९० मेगावॅटचा प्रकल्प, आणि वीज कोणाला? तर अ‍ॅल्युमिनियमच्या एका कारखान्याला. आपल्याकडे धरण म्हटलं की बुडालेली गावं आठवतात, कोयनेपासून. इथे गाव नव्हतं. बुडणार होती ती दरी, धबधबे, गुलाबी पायांच्या कलहंसांची घरटी. आणि विजेसाठीच्या धरणाला विरोध करायचा म्हणून या लोकांनी वीजच वापरली नाही! अ‍ॅम्प्लिफायर नाही, इको नाही, दिवे नाहीत. ज्यावर त्यांचा सगळा डोलारा उभा आहे असं आपण समजतो, ते सगळं बाजूला ठेवून ते उघड्या माळावर बसून गायले.

आणि गाणं जराही लहान झालं नाही. उलट आवाज थोडा, म्हणून कान पुढे सरकतात. ऐकणाऱ्यांना माहीत आहे की ही जागा थोड्याच दिवसांची सोबती आहे, गाणाऱ्यालाही ते माहीत आहे. आता याला कुठला धूर पुरा पडणार?

माझा एक मित्र म्हणतो, "मग? धरण थांबलं का?" नाही थांबलं. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पाणी भरायला घेतलं, २००७ मध्ये कारखानाही सुरू झाला. बरं, ज्या लॅपटॉपवर मी हे टाइप करतोय त्याची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, हेही मित्राने लगेच दाखवून दिलं. त्याचं म्हणणं मी खोडू शकत नाही. फक्त ती दरी आता पाण्याखाली आहे, आणि त्या आधीच्या शेवटच्या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसून कोणीतरी अर्थ नसलेल्या अक्षरांत गायलं होतं, एवढं रेकॉर्डिंग शिल्लक आहे. मिळालं तर हेडफोन लावून बघा. आवाज फार वाढवू नका.