दिव्यांग कर्मचाऱ्याचे मेज : करकंब पंचक्रोशीतील आस्थापनाचालकांस जाहीर निवेदन

करकंब व पंचक्रोशीतील ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था, विकास सोसायट्या, दवाखाने व कारखाने यांच्या चालकांस, आणि तेथे नोकरीस असलेल्या दिव्यांग बंधुभगिनींस सविनय निवेदन.

तीनचाकी सायकली, कुबड्या आणि कर्णयंत्रे यांच्या वाटपाचे समारंभ आपल्या जिल्ह्यात पुष्कळ होतात, आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावा हा शासनाचा दंडकही आता गावोगाव परिचित झाला आहे. परंतु ज्या दिव्यांग मनुष्याने कष्टाने विद्या संपादन केली, नोकरी मिळवली आणि जो इतरांच्या बरोबरीने हजेरीपुस्तकावर सही करून कामास बसतो, त्याला ते काम करता यावे म्हणून त्याच्या मेजाची उंची, त्याच्या संगणकावरील अक्षरांचा आकार, त्याच्या खोलीचा उंबरठा यांची काही तजवीज झाली आहे काय, हा प्रश्न विचारावा असे फारच थोड्यांच्या मनात येते. त्याने स्वतः अर्ज केला, तर त्यावर ‘तरतूद नाही’ असा शेरा पडतो आणि कागद दफ्तरात जातो. या शेऱ्याला आमचा विरोध आहे, आणि तो उघडपणे मांडण्यासाठीच हे पत्रक आम्ही काढीत आहोत.

कचेरीतील प्रत्येक सोय कोणा ना कोणा शरीरासाठीच केलेली असते. खुर्ची गुडघे वाकवू शकणाऱ्यासाठी असते, जिना चालणाऱ्यासाठी असतो, आणि छतावरचे दिवे डोळसांसाठी असतात. अंध कारकुनाला त्या दिव्यांचा काडीइतकाही उपयोग नसताना त्यांचे वीजबिल संस्था दरमहा निमूटपणे भरते, आणि डोळस कर्मचाऱ्यावर आपण उपकार केले असे कोणीही समजत नाही. असे असता अंध कारकुनाने संगणकावरील मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली मागितली, की तेवढी मात्र सवलत कशी ठरते, याचे उत्तर आस्थापनाचालकांनी स्वतःच्या विवेकाला विचारावे. साधन हे कामाचा भाग आहे. ते ज्याच्या देहाला जसे लागेल तसे देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. सहाव्या वर्षी दृष्टी गेली असता दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिक्षण घेऊन, आणि पुढे संगणकावर पुस्तके ऐकून अभ्यास करून, या विदुषीने लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली. परंतु 2016 मध्ये रेल्वेच्या लेखासेवेने पूर्ण अंधत्वाचे कारण पुढे करून त्यांना नेमणूक नाकारली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, देशात 124 वा क्रमांक मिळवला, आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रे हाती घेतली. हिशेबाच्या खात्याला जे अशक्य वाटले, ते महसुली कारभारात शक्य झाले. यावरून अडथळा त्यांच्या डोळ्यांत नव्हता, नाकारणाऱ्या खात्याच्या कल्पनेत होता, असेच आम्ही म्हणू.

आता कायदा पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आहे. दिव्यांग व्यक्तीला आवश्यक ते वाजवी फेरबदल नाकारणे हा भेदभावच होय, असे त्याच्या व्याख्येतच नमूद आहे. शासकीय आस्थापनेने असे फेरबदल करून द्यावेत आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला बडतर्फ अथवा पदावनत करू नये, असे कलम 20 बजावते. आणि कलम 21 प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावयास लावते. खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनीबरोबर सहकारी संस्था आणि कारखाना यांचाही स्पष्ट समावेश असल्यामुळे आमच्या पतसंस्थांनी व साखर कारखान्यांनी ‘हे सरकारी लोकांपुरते आहे’ असे म्हणून अंग काढून घेऊ नये. केंद्र शासनाने तर 31 मार्च 2014 च्या परिपत्रकानेच आपल्या खात्यांना विशेष फर्निचर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्रे व संगणकीय साधने पुरवण्यास अथवा त्यांचा खर्च देण्यास सांगितले होते. ‘अवाजवी भार’ हा एक अपवाद कायद्यात आहे खरा; परंतु नुसता शेरा मारल्याने भार सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात निर्णय देताना, फेरबदल त्या त्या व्यक्तीची गरज जाणून आणि तिच्याशी विचारविनिमय करून ठरवावयाचे असतात, असे स्पष्ट केले आहे.

आणि भार तरी केवढा? पडद्यावरील मजकूर वाचणारी एनव्हीडीए ही आज्ञावली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये सुरू केली. ती विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. अल्पदृष्टी असलेल्यासाठी अक्षरे मोठी करण्याची सोय संगणकात आधीच असते. चाकांची खुर्ची आत जाईल इतके मेज उंच करणे हे गावातल्या सुताराचे किरकोळ काम आहे. पायरीच्या जागी उतार करावयाचा तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी हे प्रमाण गवंड्याला सांगावे, कारण याहून तीव्र उतार केवळ छायाचित्रापुरता उपयोगी पडतो. ज्याला ऐकू येत नाही, त्याला तोंडी हुकमाऐवजी चिठ्ठी अथवा भ्रमणध्वनीवर संदेश द्यावा. यास तर दमडीही लागत नाही.

एका गोष्टीकडे मात्र आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण ती आपल्या मराठी कचेऱ्यांची खास व्याधी आहे. अद्यापि अनेक ठिकाणी पत्रे व ठराव श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत लिहिले जातात. त्यांत डोळ्यांना देवनागरी दिसली, तरी आत रोमन चिन्हांचे संकेत साठवलेले असल्यामुळे वाचक आज्ञावलीच्या मुखातून निरर्थक ध्वनी बाहेर पडतात. आणि स्कॅन करून पाठवलेले परिपत्रक तर तिच्या लेखी निव्वळ चित्र असते. म्हणजे अंध लिपिकाला संगणक दिला, आज्ञावली दिली, आणि वाचावयास काहीच दिले नाही, अशी स्थिती होते. तो सुस्त आहे असा गोपनीय अहवाल मग त्याच्यावर लिहिला जातो. हा घोर अन्याय युनिकोडमध्ये टंकलेखन करण्याचा एक कार्यालयीन आदेश काढल्याने दूर होतो.

दिव्यांग कर्मचाऱ्यांनी आपली मागणी तोंडी करू नये. आपले काम कोणते, त्यात अडचण नेमकी कोठे येते आणि कोणत्या साधनाने ती दूर होईल, हे अर्जात लिहून द्यावे, आणि पोच घ्यावी. नकार आला तर तो कारणांसह लेखी मागावा. शासकीय आस्थापनेत कलम 23 अन्वये तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे व त्याने नोंदवही ठेवली पाहिजे. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिची चौकशी होणे बंधनकारक आहे. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते, आणि पुण्यास दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनास दहा हजार रुपयांपर्यंत व पुढील उल्लंघनास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही आस्थापनाचालकांनी ध्यानी ठेवावे.

करकंबातील प्रत्येक आस्थापनेने आपले समान संधी धोरण दर्शनी फलकावर लावावे, अशी आमची मागणी आहे. ज्यांनी ते अद्याप तयारच केलेले नाही, त्यांनी मसुदा लिहिण्यापूर्वी आपल्याकडील दिव्यांग कर्मचाऱ्याला समोर बसवून, त्याला काय हवे आहे ते प्रथम विचारावे.