हजेरीचा आंकडा आणि गरिबाची विद्या

शेतकऱ्याच्या पोरानें कॉलेजांत नांव घातलें कीं त्याला दोघांना जाब द्यावा लागतो. वर्गांतला मास्तर विचारतो, धडा समजला काय? शिष्यवृत्तीची कचेरी विचारते, हजेरी किती? पहिल्या प्रश्नाचें उत्तर पोराच्या अंगच्या मेहनतीवर असतें. दुसऱ्याचें उत्तर पुष्कळदां घरचें दुखणें, घरची शेती आणि घरचें दारिद्र्य हीं देतात.

अनुसूचित जातींच्या मुलांसाठीं असलेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस शेंकडा 75 हजेरी लागते. राजर्षि शाहू महाराजांच्या नांवानें चालणाऱ्या शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीस मागील सत्राची शेंकडा 50 हजेरी लागते, आणि शिक्षणांत दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाहीं. नियम सर्वांना सारखे आहेत. पण सारखा नियम म्हणजे सारखा न्याय नव्हे, हें आमच्या लोकांना नव्यानें शिकवावयास नको. शिष्यवृत्त्या चढाओढीनें वाटणें वरवर न्यायाचें दिसलें, तरी त्यानें मागासलेल्या वर्गांत विद्या पसरत नाहीं, असें जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट मांडलें होतें.

आपला रत्नागिरी जिल्हाच पाहा. कॉलेजें जून-जुलैंत उघडतात, त्याच वेळीं भाताची लावणी येते. घरांतला कर्ता पुरुष मुंबईस. शेतावर म्हातारी आई आणि कॉलेजांत जाणारी मुलगी. चिखलांत उभें राहावें कीं वर्गांत बसावें? क्षयाचें औषध निदान सहा महिने घ्यावें लागतें. कॉलेजचें एक सत्रही सुमारें तेवढेंच. ज्याचें मूत्रपिंड बिघडलें त्याला आठवड्यांतून दोन-तीन वेळां डायलिसिसला जावें लागतें. अशा मुलाला चार विषय झेपत नसतील, पण दोन खास झेपतील. त्यानें दोन विषय घेतले तर कचेरी त्याला विद्यार्थी म्हणणार कीं नाहीं? सगळा वाद येथें आहे.

विद्यापीठांनीं ही वाट थोडी मोकळी केली आहे. 2021 सालच्या नियमांनीं श्रेयांकांची पेढी निघाली. विद्यार्थ्यानें मिळविलेले श्रेयांक तिच्यांत सात वर्षांपर्यंत जमा राहूं शकतात. म्हणजे विद्या हप्त्यानें घेतां येते, हें सरकारास मान्य आहे. मग शिष्यवृत्तीच विद्यार्थ्याला धांवत सुटण्यास कां सांगते? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तींत अपंग मुलाला भत्ता शेंकडा 10 नें वाढवून मिळतो. त्याला पैसा अधिक लागतो हें पटलें. वेळही अधिक लागतो, हें कां पटूं नये? अपंगांच्या हक्कांचा 2016 सालचा कायदा तर अभ्यासक्रमांत व परीक्षापद्धतींत योग्य ते फेरफार करावे असें सांगतो.

दुसरीकडे काय चालतें तेंही पाहूं. ऑस्ट्रेलियांत विद्यार्थ्यांस निर्वाहाची मदत मिळते. तेथें साधारणतः पूर्ण अभ्यासाचा पाऊण हिस्सा घेणारास पूर्ण वेळेचा विद्यार्थी मानतात. पण मोठ्या शारीरिक वा मानसिक व्यंगामुळें ज्याला तेवढा भार झेपत नाहीं, त्याला चौथा हिस्सा घेऊनही मदत मिळूं शकते. त्या सरकारची तिजोरी त्यामुळें बुडाली नाहीं.

आणि हें रत्नागिरी जिल्ह्यास तरी परक्याकडून शिकावें लागूं नये. मंडणगड तालुक्यांतलें आंबडवे हें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन ते 1913 सालीं अमेरिकेस गेले व 1916 सालीं लंडनला. 1917 सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. सिडनहॅम कॉलेजांत प्रोफेसरी करून त्यांनीं पैसा जमविला, शाहू महाराजांचा हात लागला, आणि 1920 सालीं ते पुन्हा लंडनला गेले. 1923 सालीं ते डी.एस्सी. झाले. मध्यें तीन वर्षांचा खंड! लंडनच्या विद्यापीठानें चार वर्षांच्या आंत परत येण्याची मुभा दिली होती. 'खंड पडला, आतां नांव कमी' असें म्हणून तें मोकळें झालें असतें, तर नुकसान कोणाचें झालें असतें?

आतां कोणी म्हणेल, सवलत दिली कीं लबाड शिरतात. शिरतात खरे. शिष्यवृत्तीच्या पैशांतील गैरव्यवहारांच्या चौकशीसाठीं राज्य सरकारला 2016 सालीं विशेष पथक नेमावें लागलें. तें संस्थाचालकांच्या कारभारावर होतें, अंथरुणाला खिळलेल्या पोरावर नव्हे. लबाडास पकडण्यासाठीं तपासणी कडक करा. आजाऱ्यास दार लावून घेऊं नका.

आमची मागणी साधी आहे. सरकारी डॉक्टराचा दाखला आणि प्राचार्यांचा शेरा पाहून विद्यार्थ्याचा अभ्यास कमी करण्यास लेखी परवानगी द्यावी, आणि हजेरी मोजावयाची ती त्यानें घेतलेल्या विषयांचीच मोजावी. घरीं कमावतें माणूस नाहीं वा दुखणाईत आहे, तेथें तलाठ्याचा दाखला मानावा. शुल्क विषयांच्या हिशेबानें द्यावें, म्हणजे तें दोन वर्षांचें चार वर्षांत गेलें तरी एकूण तेवढेंच. निर्वाहाचा भत्ता मात्र महिन्यांच्या हिशेबानें द्यावा. विषय अर्धे झाले म्हणून पोट अर्धें होत नाहीं. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावें आणि वर दाद मागण्याची सोय ठेवावी.

आणि शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, नियम बदलेपर्यंत स्वस्थ बसूं नका. मूल आजारी पडलें तर त्याच दिवसापासून दवाखान्याचे कागद जपा. हजेरी घटल्यावर नव्हे, घटण्याआधीं प्राचार्यांस अर्ज द्या आणि त्याची पोंच घ्या. लाजेनें पोराचें नांव काढूं नका. कुणब्याचें बीं उशिरां रुजलें म्हणून तो शेत सोडून जात नाहीं. मग पोराची विद्या एका पावसाळ्यापायीं कां सोडावी?