टाटा मोटर्सचा शेअर एका दिवसात 40 टक्के पडला होता का? शेअरचे जुने भाव कसे वाचायचे

14 ऑक्टोबर 2025 च्या सकाळी अनेकांच्या मोबाइलमधल्या ट्रेडिंग अ‍ॅपवर टाटा मोटर्सचा आकडा लाल झाला. आदल्या दिवशी एनएसईवर 660.75 रुपयांवर बंद झालेला शेअर थेट 400 रुपयांवर दिसत होता. म्हणजे एका रात्रीत जवळपास 40 टक्के घसरण. कंपनीत घोटाळा झाला का, विकून टाकावा का, असे प्रश्न सुरू झाले.

प्रत्यक्षात त्या दिवशी कुणाचे 40 टक्के पैसे बुडाले नव्हते. बदलली होती ती वस्तू. 13 तारखेपर्यंत ज्या शेअरचा भाव छापून येत होता, तो शेअर आणि 14 तारखेचा शेअर एक नव्हते. शेअरचे जुने भाव पाहताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच असतं. दोन तारखांच्या भावांची तुलना करण्याआधी त्या दोन्ही दिवशी आपण एकाच वस्तूचा भाव पाहतोय का, हे तपासावं लागतं.

नेमकं काय झालं होतं?

पिंपरी-चिंचवडमध्ये ट्रक आणि कार दोन्ही बनवणाऱ्या टाटा मोटर्सने आपला व्यवसाय दोन कंपन्यांत विभागला. ट्रक-बसचा व्यवसाय एका कंपनीत गेला, तर कार आणि जॅग्वार लँड रोव्हर दुसऱ्या कंपनीत राहिले. यालाच डीमर्जर म्हणतात. 14 ऑक्टोबर ही त्याची रेकॉर्ड डेट होती. जुन्या प्रत्येक शेअरमागे ट्रकच्या कंपनीचा एक नवा शेअर मिळणार होता.

त्या दिवशी बाजार उघडण्याआधी विशेष सत्र झालं आणि ट्रकचा व्यवसाय वगळून उरलेल्या कंपनीचा भाव 400 रुपये ठरला. 660.75 मधून 400 वजा केले की उरतात 260.75 रुपये. बाजाराने ट्रकच्या व्यवसायाची लावलेली ही किंमत होती. पण ट्रकच्या कंपनीचा शेअर बाजारात यायला 12 नोव्हेंबर उजाडला. तोपर्यंत अ‍ॅपवर फक्त 400 दिसत होते आणि उरलेला भाग दिसतच नव्हता. नोंदणीच्या दिवशी हा शेअर एनएसईवर 335 रुपयांवर उघडला. घाबरून आधीच शेअर विकणाऱ्याने कारच्या कंपनीतला हिस्सा केवळ गैरसमजातून सोडला.

नाव एकीकडे, इतिहास दुसरीकडे

या प्रकरणात आणखी एक गुंता आहे. जुन्या नोंदणीकृत कंपनीचं नाव आता ‘टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स’ झालं आहे आणि ‘टाटा मोटर्स’ हे नाव ट्रकच्या नव्या कंपनीला मिळालं आहे. त्यामुळे जुन्या भावांचा सगळा इतिहास कारच्या कंपनीकडे आहे, तर टाटा मोटर्स नावाच्या आजच्या कंपनीचे भाव 12 नोव्हेंबर 2025 पासूनच सुरू होतात.

जुना शेअर 30 जुलै 2024 रोजी 1,179 रुपयांच्या उच्चांकावर गेला होता. आज कारच्या कंपनीचा भाव पाहून ‘1,179 वरून इतका पडला’ असं म्हणणं चूक ठरेल, कारण त्या 1,179 मध्ये ट्रकचा व्यवसायही होता. डीमर्जरच्या दिवशीच्या प्रमाणात (660.75 ला 400) हिशेब केला, तर कारच्या कंपनीसाठी तो उच्चांक साधारण 714 रुपयांचा धरावा लागेल. काही चार्ट ही दुरुस्ती करून दाखवतात, काही करत नाहीत. म्हणून एकाच कंपनीचा एकाच दिवसाचा भाव दोन ठिकाणी वेगळा दिसू शकतो.

बोनस आणि स्प्लिट: आकडा अर्धा, मालमत्ता तेवढीच

डीमर्जर क्वचित होतं. बोनस आणि स्प्लिट मात्र नेहमीचे आहेत.

एचडीएफसी बँकेने 2025 मध्ये एकास एक बोनस दिला. 26 ऑगस्टला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, शेअर सुमारे 1,960 रुपयांवरून 980 च्या खाली दिसू लागला. ज्याच्याकडे 10 शेअर होते त्याच्याकडे 20 होणार होते आणि प्रत्येकाची किंमत साधारण अर्धी. हजाराची एक नोट देऊन पाचशेच्या दोन घेण्यासारखंच हे.

स्प्लिटमध्ये शेअरचं दर्शनी मूल्य कमी करून त्याचे तुकडे केले जातात. याच बँकेने 2011 मध्ये 10 रुपये दर्शनी मूल्याचा शेअर 2 रुपयांचा केला, म्हणजे एकाचे पाच झाले. 2019 मध्ये 2 चा 1 रुपया केला, म्हणजे पाचाचे दहा झाले. 2025 च्या बोनसने दहाचे वीस झाले.

आता गंमत बघा. 2010 मध्ये या बँकेचा शेअर 2,000 रुपयांच्या आसपास होता. 2025 च्या बोनसनंतर तो हजाराच्या खाली होता. नुसते हे दोन आकडे ठेवले तर 15 वर्षांत पैसे निम्मे झाले असं वाटेल. पण 2010 च्या एका शेअरचे बोनसनंतर 20 झाले होते आणि त्यांची किंमत तेव्हा 19 हजारांच्या पुढे जात होती. म्हणजे गुंतवणूक निम्मी नव्हे, तर जवळपास दहापट झाली. आजच्या हिशेबात 2010 चा भाव 2,000 नसून 100 रुपये आहे. यालाच ‘समायोजित भाव’ म्हणतात.

चार्टवर न दिसणारा पैसा

समायोजित भावातही एक गोष्ट बहुतेक वेळा सुटते, ती म्हणजे लाभांश. कोल इंडियाचा शेअर नोव्हेंबर 2010 मध्ये 245 रुपयांच्या आयपीओ किमतीनंतर बाजारात आला. जून 2023 मध्ये सरकारने या कंपनीतला काही हिस्सा विकायला काढला, तेव्हा किमान भाव ठेवला होता 225 रुपये. चार्टनुसार साडेबारा वर्षांत हाती काहीच नाही, उलट थोडा तोटाच.

पण या काळात कंपनी दरवर्षी लाभांश देत होती. 2013-14 या एकाच वर्षात शेअरमागे 29 रुपये दिले गेले. हा पैसा थेट बँक खात्यात जातो, चार्टवर दिसत नाही. म्हणूनच फेब्रुवारी 2018 पासून सेबीने म्युच्युअल फंडांना आपल्या कामगिरीची तुलना लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टोटल रिटर्न इंडेक्सशी करायला लावली.

जुने भाव कुठे पाहायचे?

एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीनिहाय जुने भाव मोफत मिळतात. तिथे त्या दिवशी प्रत्यक्ष झालेला भाव असतो. अ‍ॅपवरच्या चार्टमध्ये सहसा बोनस आणि स्प्लिट धरून मागचे सगळे आकडे बदललेले असतात. याहू फायनान्ससारख्या ठिकाणी ‘अ‍ॅडजस्टेड क्लोज’ हा वेगळा रकाना असतो आणि त्यात लाभांशही धरलेला असतो. यातला कोणताही आकडा खोटा नाही, प्रत्येकाचं काम वेगळं आहे. परतावा मोजायचा असेल तर समायोजित भाव हवा. त्या दिवशी सौदा कितीला झाला हे शोधायचं असेल तर मूळ भाव हवा.

करात थेट फरक पडतो

हा फरक सर्वाधिक जाणवतो तो प्राप्तिकर भरताना. 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेले शेअर आता विकले, तर नफा काढताना त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव महत्त्वाचा ठरतो. तो भाव आणि विक्रीचा भाव यांपैकी जो कमी, त्याची तुलना मूळ खरेदीशी करायची. त्यातला मोठा आकडा ही तुमची खरेदी किंमत.

समजा 2012 मध्ये 100 रुपयांना घेतलेल्या शेअरचा त्या दिवशीचा सर्वोच्च भाव 300 होता आणि आता तो 500 ला विकला. नफा 400 नाही, 200 धरला जाईल.

आता समजा मधल्या काळात एकास एक बोनस मिळाला. अ‍ॅपचा चार्ट त्या दिवसाचा भाव 150 दाखवेल. मूळ शेअर विकताना हाच 150 चा आकडा वापरला, तर शेअरमागे 150 रुपये जादा नफा दाखवला जाईल आणि त्यावर विनाकारण कर भरावा लागेल. कारण मूळ शेअरची किंमत 300 च राहते आणि नंतर मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरली जाते. डीमॅट खात्यातून विक्री होताना आधी आलेले शेअर आधी विकले गेले असं मानतात, त्यामुळे हा फरक कागदावर राहत नाही. स्प्लिटमध्ये मात्र 300 चा भाव तुकड्यांच्या संख्येने भागावा लागतो.

डीमर्जरमध्ये मूळ खरेदी किंमत दोन कंपन्यांत वाटली जाते आणि त्याचं प्रमाण कंपनी जाहीर करते. 2023 मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा हे प्रमाण 95.32 आणि 4.68 टक्के होतं. बाजाराने मात्र जिओ फायनान्शियलची किंमत 2,841.85 पैकी 261.85 रुपये, म्हणजे 9 टक्क्यांहून जास्त धरली होती. त्यामुळे बाजारभावावरून स्वतः अंदाज बांधून चालत नाही.

मग खरी घसरण ओळखायची कशी?

21 सप्टेंबर 2018 रोजी डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा शेअरही एका दिवसात सुमारे 42 टक्के पडला होता. तिथे बोनस नव्हता, स्प्लिट नव्हतं, डीमर्जरही नव्हतं. कंपनीकडे रोख पैशांची चणचण असल्याची भीती बाजारात पसरली होती. पुढे कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. जून 2021 मध्ये शेअरचे व्यवहार थांबले आणि भागधारकांच्या हाती शून्य आलं.

टाटा मोटर्स आणि डीएचएफएल यांच्या त्या त्या दिवसाच्या टक्केवारीत फारसा फरक नव्हता. फरक सांगणारी माहिती एनएसई-बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावरच, ‘कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्स’ या भागात असते. भाव अचानक मोठ्या प्रमाणात खाली दिसला, तर त्या तारखेसमोर बोनस, स्प्लिट किंवा डीमर्जरची नोंद आहे का, हे आधी बघावं. नोंद असेल तर आकडेमोड करावी. नोंद नसेल, तर मात्र बातमी शोधावी लागेल.