डोंगर दिसतो, पायरी चुकते

आमच्या डाव्या डोळ्याची दृष्टि काचबिंदूनें गेली. दुखलें नाहीं, खुपलें नाहीं. म्हणून कळलेंही नाहीं. उजवा डोळा शाबूत असल्यानें वाचन चालू होतें आणि माडीवरून समोरचा डोंगर पूर्वीसारखाच दिसत होता. परंतु तांब्यांतलें पाणी पेल्याबाहेर पडूं लागलें, आणि एके दिवशीं जिना संपला असें समजून पाऊल टाकलें, तों एक पायरी शिल्लक होती! घरांत सर्वांनीं "वय झालें" असें म्हटलें. आम्हींही तेंच मानलें. नेत्रवैद्याकडे हट्टानें नेलें तें सूनबाईनें.

वाचक विचारतील कीं, कोसभर दूरचा डोंगर बरोबर दिसावा आणि हातभर अंतरावरचा पेला चुकावा, हें कसें?

डोळ्याच्या पडद्यावर उमटणारी प्रतिमा सपाट असते. दृश्याची खोली आपलें मन ठरवितें. आपल्या दोन डोळ्यांत सुमारें ६ सेंटिमीटर अंतर असल्यामुळें प्रत्येकास जवळची वस्तु किंचित् निराळी दिसते. नाकासमोर बोट धरून एकेक डोळा आळीपाळीनें मिटावा. बोट मागील भिंतीवर इकडून तिकडे सरकलेलें दिसेल. या फरकावरून मन जवळचें अंतर जाणतें. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनीं १८३८ सालीं हें दाखवून दिलें. दोन किंचित् निराळीं सपाट चित्रें आरशांच्या साह्यानें एकेका डोळ्यास दाखवितांच पाहणाऱ्यास एकच भरीव आकृति दिसली.

डोंगराइतक्या अंतरावर मात्र हा फरक नाहींसाच होतो. तेथें मन निराळ्या खुणा वापरतें. पुढची टेकडी मागचीस झांकते; दूरचा कडा हवेमुळें निळसर व फिका होतो; आगगाडींतून पाहतांना जवळचे खांब मागें धांवतात आणि डोंगर आपल्याबरोबर येतो. या खुणांना एक डोळा पुरतो. चित्रकाराची भिस्तही झांकणें, फिकेपणा व लहानमोठेपणा यांवरच असते. म्हणून चांगलें निसर्गचित्र एक डोळा मिटून पाहिलें तर अधिक खोल भासतें. 'हा तर सपाट कागद' अशी चुगली दोन डोळे मिळून करीत असतात, ती थांबते.

डोळ्यांनीं दिसतें तें प्रत्यक्ष आणि धुरावरून अग्नि जाणणें तें अनुमान, असें आम्ही वर्षानुवर्षें मुलांस शिकविलें. पाहण्यांतच नकळत केलेलें अनुमान असतें, हें जर्मन पंडित हेल्महोल्ट्झ यांनीं एकोणिसाव्या शतकांत सांगितलें होतें. आम्हांस तें पायरीनें पटविलें!

आतां आम्ही तांब्याची कड पेल्यास टेकवूनच पाणी ओततों; अंतराचा अंदाज येईना तर मान किंचित् हालवून पाहतों. नातवानें प्रत्येक पायरीच्या कडेस पांढरा पट्टा ओढून दिला आहे. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. उरलेली मात्र वेळीं उपचार केल्यास बहुधा राखतां येते. म्हणून चाळिशीनंतर, कांहीं त्रास नसला तरी, डोळे तपासून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

एक गोष्ट मनास लागून राहिली आहे. आमच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचा एक डोळा तिरळा होता व त्यास चेंडू कधींच झेलतां येत नसे. आम्ही त्यास सर्वांदेखत 'वेंधळा' म्हणत असूं. चेंडू किती जवळ आला हें त्यास दिसतच नसावें, हा विचार आमच्या मनास शिवला नाहीं. अशा मुलाचा डोळा लहानपणींच दाखवावा. तेव्हांच उपचाराचा गुण अधिक येतो. घरांत कोणाच्या हातून पेला कलंडला, कोणाचें पाऊल चुकलें, तर रागें भरण्यापूर्वीं त्याचा एकेक डोळा झांकून काय दिसतें तें विचारावें. आम्हीं तें विचारलें नाहीं.