घरगुती आरोग्य : अडकणारें बोट

सकाळीं उठून मूठ उघडावी, तों एक बोट वांकलेंच राहतें. दुसऱ्या हातानें तें सरळ करूं गेल्यास 'टक्' करून सुटतें आणि डोळ्यांत पाणी आणतें. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांत ही तक्रार विशेष आढळते. "वात असेल, जाईल चार दिवसांनीं," असें म्हणून ती अंगावर काढली जाते. नाहीं तर घरांतील कोणी वडील माणूस तेल लावून तें बोट जोरानें ओढतें. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

ह्या विकाराचें मूळ सांध्यांत नसून कंडरेंत असतें. बोट मिटविणारी कंडरा तळहातावरून दोरीसारखी जाते व बोटाच्या मुळाशीं असलेल्या अरुंद कड्यांतून सरकते. तें कडें जाड झालें व कंडरेस फुगवटा आला, म्हणजे गांठ पडलेला दोरा सुईच्या नेढ्यांत अडकावा तसें होतें. नोटा नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८५० सालीं ह्या विकाराचें वर्णन केलें. बंदुकीच्या चापासारखें बोट सुटतें, म्हणून त्यास 'ट्रिगर फिंगर' म्हणतात. ओढल्यानें कडें रुंद होत नाहीं. कंडरा मात्र अधिक दुखावते.

पहिला उपाय विश्रांतीचा. ओलें धुणें पिळणें, नारळ खवणणें, जड कढई एका हातानें उचलणें, हीं कामें कांहीं आठवडे दुसऱ्यांकडे द्यावींत. रात्रीं बोट मिटूं नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें पट्टी बांधावी. सकाळीं कोमट पाण्यांत हात धरून बोटें हलकेच उघडावींत व मिटावींत. 'टक्' होईपर्यंत ताणूं नये. एवढ्यानें न भागल्यास बोटाच्या मुळाशीं 'स्टिरॉइड'ची सुई टोंचतात. तिनें पुष्कळांस आराम पडतो. तरीहि बोट अडकत राहिल्यास तेवढाच भाग बधिर करून तें कडें कापतात. शस्त्रक्रिया लहान असते व रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं येतो.

मधुमेह असणारांस हा विकार अधिक जडतो. म्हणून बोट अडकूं लागल्यास रक्तांतील साखर अवश्य तपासावी. वरील सुईनें साखर कांहीं दिवस वाढते, हेंहि त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

हाताचें प्रत्येक दुखणें मात्र हेंच नव्हे. रात्रीं अंगठा व त्याच्या शेजारचीं दोन बोटें बधिर होऊन मुंग्या येत असतील, तर मनगटांत मज्जातंतु दाबला जात असण्याचा संभव असतो. बोट लाल होऊन सुजलें व ताप आला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें.

वांकलेलें बोट महिनोन्‌महिने तसेंच ठेविल्यास त्याचा सांधा आंखडतो, आणि मग शस्त्रक्रियेनेंहि तें पुरतें सरळ होईलच असें नाहीं. गृहिणी आपलें दुखणें सर्वांच्या शेवटीं बोलून दाखविते. तेव्हां आईच्या हातून पेला निसटूं लागला, तर तिच्या बोलण्याची वाट न पाहतां धुण्याची बादली आपण उचलावी व तिला वेळेवर डॉक्टरांकडे न्यावें.